आधी लिंपण, मग फवारा

उंबऱ्यावर चपला काढता काढताच बाई विचारायच्या, "भिंती कधी लिंपल्या?" ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. त्या आमच्या भागातल्या सरकारी नर्स. चिंचवडच्या हायस्कुलात शाळा सुटल्यावर आम्हा मॅट्रिकच्या पोरापोरींना त्या आरोग्यसेवेचं काम शिकवत.

तुम्ही तेव्हाची पुनावळ्यासारखी खेडी पाहिली असतील तर तुम्हाला ठाऊकच आहे. हिवतापाचं औषध भिंतींवर मारलं, की दिवाळीच्या लिंपणात बायका ते शेणाखाली गाडून टाकत. डास खुशाल. मी चिडून पत्रक लिहिलं, 'भगिनींनो, अज्ञान सोडा'.

बाईंनी ते वाचलं. "झकास लिहिलंयस, पुढारी. वाचणार कोण, पुनावळ्याच्या म्हशी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या हाती शेणाच्या पाट्या दिल्या. "फवारणीवाले सोमवारी येतायत. दिवाळीचं लिंपण त्याआधीच उरकून टाकू. मग औषधावर हात फिरवायला कोण बसलंय?"

"आरोग्य खातं हेच शिकवतं का?" मी विचारलं.

"खात्याच्या घरी भिंती कोण लिंपतं रे?"

आमच्या वर्गातल्या हसीनाचा हात सगळ्यांत सुबक. तिचे अब्बा ट्रक दुरुस्त करत. बाईंचा वर्ग पुरा केलास तर पुण्याला नर्सिंगला धाडीन, नाहीतर निकाह, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

आणि नेमके शाळेचे चेअरमन पुनावळ्यात टपकले. कोपरापर्यंत शेणात माखलेली हसीना पाहून म्हणाले, "हायस्कूलच्या मुलींनी शेण थापायचं? उद्यापासून वर्ग बंद." स्वतःच्या घरी गड्याकडून सारवून घेणाऱ्या माणसाला शेणाची लाज. हसीनाचा हात भिंतीवरच थांबला.

घरची म्हातारी म्हणाली, "मंग आमी जलमभर काय वंगाळ काम करतोय व्हय, दादा?"

बाईंनी तेवढ्यात संधी साधली. "शेणाची अक्कल माझी, साहेब. पोरींचा वर्ग कशाला बुडवता? माझी तक्रार करा. पत्ता सांगू खात्याचा?"

चेअरमननी तक्रार इमानेइतबारे केली. बाईंची बदली चाकणच्याही पलीकडे झाली. वर्ग मात्र नव्या नर्सबाईंनी पुढे चालवला, आणि हसीना पुण्याला गेली.

बाई निघाल्या त्या दिवशी अन्यायाच्या निषेधाचं भाषण पाठ करून मी एसटीच्या थांब्यावर उभा होतो. "मित्रहो" एवढंच म्हटलं असेल.

"पुढारी, आधी ट्रंक चढव."

मी चढवली. गाडी हलली. खिडकीत बाई शेजारी बसलेल्या कुणा पाटलीणबाईंच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होत्या, आणि पाटलीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.