चार जणांचा तंबू

दुकानात मधोमध उभारलेल्या निळ्या तंबूत माझा मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं आडवी होऊन जागा पुरते का ते बघत होती. मी बाहेर त्यांच्या चपला राखत उभी. दुकानदार आत वाकून म्हणाला, "चौघांना बरोबर होतो. अजून कुणी असेल तर मोठा दाखवतो."

"नाही, चारच," आतून मुलाचा आवाज आला.

उत्तर बरोबरच होतं. जमिनीवर बसले तर मला उठवायला माणूस लागतं. डोंगरावर कुठे जाणार मी? तरी आमची जुनी मच्छरदाणी आठवली. तिच्यात किती माणसं मावतात, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. पाहुणा आला की आम्ही कडेला सरकायचो, जाळी अंगाला चिकटायची, डास बाहेरूनच चावायचे. पण सगळे आत असायचे.

आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरायला भिंत लागतेच असं नाही. एवढंसं कापड पुरतं.

मी नकोच म्हटलं असतं. पण नको म्हणायला तरी कुणी विचारायला हवं होतं.

मुलगा रांगत बाहेर आला. "आई, बरा आहे ना गं हा?"

मी त्याच्या चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या. "छान आहे. मोठा कशाला हवा?"