तुरीच्या रंगाची रायफल

मजीदभाई बंदुका दुरुस्त करतात. रोशन गेटकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे, रीतसर परवान्याचं. त्यांच्या आधी त्यांचे वडील तिथंच बसायचे. घोडा अडकणं, नळी गंजणं, लाकडी दस्ता तडकणं, असली कामं मजीदभाई डोळे झाकून करतात. पण दोन गोष्टींतली एक निवडा म्हटलं की माणूस संपला. लग्नात शेरवानी क्रीम घ्यावी का राखाडी, हे ठरेना, तर शेवटी भावाची निळी घालून उभे राहिले. त्यांची बायको सगीराभाभी. तिनं पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं आणि तेव्हापासून घरात दुसरा पर्यायच येऊ दिला नाही.

अशा माणसाकडं पुंडलिकराव आपली रायफल घेऊन आले.

पुंडलिकराव मूळचे लासूर स्टेशनचे, तुरीचे अडते. आता शहरात बंगला बांधलाय. रायफल रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी म्हणून घेतलेली, पण डुकरांनी ती अजून बघितलेली नव्हती. ती गंजू नये म्हणून त्यांनी पुण्याला नेऊन तिच्या लोखंडावर सिरॅमिकचा थर चढवून घेतला. कारागिरानं रंग विचारला, तेव्हा त्यांनी खिशातून मूठभर तूरडाळ काढून टेबलावर ठेवली. आधी नमुना म्हणून स्वतःचा अडकित्ता त्याच रंगात करवून घेतला, तो पसंत पडला, मग रायफल.

रंग झकास आला, पण नेम लागेना. मजीदभाईंनी रायफल हातात घेऊन नुसती हलवली आणि दोष सांगितला. लाकूड झिजलंय, लोखंड त्याच्यात डुलतंय. उपाय सरळ होता. दस्ता आतून थोडा कोरायचा, त्यात राळ, म्हणजे पातळ इपॉक्सी, ओतायची, तिच्यात लोखंड दाबून बसवायचं. राळ कडक झाली की लोखंडाच्या मापाची बैठक तयार. अट एकच, नंतर लोखंड बाहेर निघालं पाहिजे. म्हणून राळ चिकटू नये असा काहीतरी लेप त्याला आधी लावावा लागतो.

साध्या लोखंडाला मजीदभाई आयुष्यभर बुटाचं काळं पॉलिश लावत आले. पण हा रंग निघाला खरबरीत. पॉलिश त्यात मुरलं तर तुरीची डाळ करपल्यासारखी दिसणार, आणि लेप कमी पडला तर राळ रंगालाच सोलून काढणार.

पुंडलिकरावांनी जाताना बजावलं, “मजीदभाई, लोखंडाला काय बी होऊ द्या. रंगाला नाय व्हायला पाहिजे.”

भाभीचा मामेभाऊ जावेद वाळूजला फायबरच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यानं बाटलीभर हिरवं पाणी आणून दिलं. ते साच्याला लावलं की वाळून पातळ पापुद्रा होतो आणि खुर्ची अलगद सुटते. समोरच्या माडीवर बुद्धभूषण कवळ्या बनवतो. तो म्हणाला, पापुद्र्याला सुरकुती पडते, ती राळेत उमटते, मेणाइतकं चांगलं काही नाही. मग दोन्ही लावू, असं मजीदभाईंनी सुचवलं. तर मेणावर हिरवं पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

म्हणजे निवडणं आलं. मजीदभाईंचं जेवण कमी झालं.

त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. घरात सिरॅमिकचा थर असलेली वस्तू एकच, भाभीचा डोशाचा तवा. त्यावर त्यांनी एका बाजूला मेण, दुसऱ्या बाजूला हिरवं पाणी लावलं, मध्ये काहीच नाही, आणि तिन्हीकडं राळेचे ठिपके टाकले. सकाळी तिन्ही ठिपके नखानं निघाले. मजीदभाई विचारात पडले. भाभी तव्याकडं बघत होती.

“जिसको कुछ चिपकताच नै,” ती शांतपणे म्हणाली, “उसपे चिपकाके क्या देखरे तुम?”

मग पुंडलिकरावांचा अडकित्ता मागवला. एका मुठीला मेण, दुसरीला हिरवं पाणी. दोन्ही मुठी राळेतून लोण्यासारख्या सुटल्या, पण राळ ओघळून बिजागरीत शिरली आणि तिथंच दगड झाली. अडकित्ता आता उघडाच राहणार होता. पुंडलिकरावांनी तो हातात घेतला, मिटून बघितला, पुन्हा मिटून बघितला आणि खिशात टाकला. त्या दिवसापासून ते सुपारी बत्त्यानं फोडतात.

एवढं कळलं की भोकं आणि फटी बुजवल्याशिवाय कुठलाच लेप कामाचा नाही. मजीदभाईंनी लोखंडाची प्रत्येक फट खेळण्यातल्या मातीनं बुजवली. लेपाचा प्रश्न तसाच होता. शेवटी त्यांनी जगात कुणी केला नसेल असा निकाल दिला. पुढच्या अर्ध्या भागाला मेण, मागच्या अर्ध्याला हिरवं पाणी. राळ ओतली, लोखंड दाबलं, सगळं एका फळीवर सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलं.

ट्यूबची गाठ मारतात तोच पुंडलिकराव दारात. निवडणूक लागली होती, परवान्याची हत्यारं आजच्या आज ठाण्यात जमा करायची होती. राळ ओली होती, सोडता येणार नव्हतं. तसंच उचलून दोघं रिक्षात बसले. मजीदभाईंनी फळी बाळंतिणीनं बाळ घ्यावं तशी मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी थांबायला लावलं.

ठाण्यात हत्यारं विशाखाताई नावाच्या हवालदार बाई घेत होत्या. त्यांनी ट्यूब बाजूला सारून टॉर्चच्या उजेडात नंबर वाचला आणि पावतीवर लिहिलं, रायफल एक, फळी व ट्यूबसह, ओली.

नगरपालिकेची निवडणूक झाली. ती संपते न संपते तोच महापालिकेची लागली, मग जिल्हा परिषदेची. रायफल ठाण्यातच. मजीदभाई एक दिवसाआड जाऊन गजांतून बघून यायचे. जावेद आणि बुद्धभूषण यांचं बोलणं बंद झालं. गल्लीत मेणवाले आणि पाणीवाले अशी दोन पार्ट्यांची माणसं चहाला वेगळी बसू लागली. उमेदवार प्रचाराला आले की त्यांनाही लोक आधी हेच विचारायचे. त्यातल्या एकानं दोन्ही लेपांना पाठिंबा जाहीर केला, आणि तो पडला.

हत्यारं परत द्यायची वेळ आली तेव्हा विशाखाताईंनी सांगितलं की इतके महिने सांभाळली आहे, तर इथंच सोडवा, आम्हालाही बघायचंय. अंगणात टेबल टाकलं. जावेद आणि बुद्धभूषणही येऊन टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. मजीदभाईंनी ट्यूब सोडली, स्क्रू काढले, रबरी हातोड्यानं ठोकलं. लोखंड हललं नाही. पुन्हा ठोकलं. जावेद म्हणाला, मेण अडलंय. बुद्धभूषण म्हणाला, पाणी अडलंय. कित्येक महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच.

मजीदभाईंनी हातोडा खाली ठेवला. मग त्यांना वडिलांचं बोलणं आठवलं. थंडीत लोखंड आकसतं. ठाण्यासमोर कुल्फीचं दुकान होतं, त्यात मोठा फ्रीजर. मालक तयार झाला. रायफल मटक्यांच्या आणि मलई कुल्फीच्या मध्ये आडवी ठेवली. विशाखाताईंनी पहाऱ्याला शिपाई दिला, परवाना ज्याचा तो हजर पाहिजे म्हणून पुंडलिकराव बाजूला उभे. गिऱ्हाईक आलं की शिपाई झाकण उघडायचा, पुंडलिकराव कुल्फी काढून द्यायचे. एका बाईनं, ही पिवळी लांब कुल्फी कुठली, असं विचारलं. पुंडलिकरावांनी, ती विकायची नाय, असं सांगितलं.

संध्याकाळी रायफल बाहेर काढली. मजीदभाईंनी एकदाच ठोकलं. टक् असा आवाज झाला आणि लोखंड त्यांच्या हातात आलं. राळेची बैठक आरशासारखी. रंगाला कुठंच ओरखडा नव्हता. पुढचा भाग आणि मागचा भाग आळीपाळीनं उजेडात धरून सगळ्यांनी बघितला, पण काडीचा फरक नव्हता. पुंडलिकरावांनी नळीवरचं दव धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मजीदभाईंचे दोन्ही हात धरले.

तेव्हापासून ठाण्यातून मजीदभाईंना बोलावणी येतात. कपाटाचं दार अडकलंय, जीपचं बॉनेट उघडत नाही. परवा विशाखाताईंनी पोरीच्या बोटातली अंगठी निघेना म्हणून फोन केला. मजीदभाई तेलाची बाटली घेऊन निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि साबणाची वडी आणायला परत फिरले. भाभीनं ती दारातच हातात धरली होती.