नव्याचा वास

दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्याकडे मुलीच्या खोलीत नवं कपाट आलं. त्याला झेंडूचा हार घातला, दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पण दार उघडलं की आतून गोंदाचा आणि पॉलिशचा असा भपकारा येतो की डोळे चुरचुरतात. शेजारच्या काकूंनी मात्र आत डोकं घालून म्हटलं, "अगंबाई, काय छान नवा नवा वास येतोय!"

माझ्या मुलीला, मीराला, अ‍ॅलर्जी आहे. नवं फर्निचर आधी दारं उघडी टाकून गच्चीवर वाऱ्याला ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग मुहूर्त काय गच्चीवर साधायचा?" शिवाय वास घालवायला त्यांनी धूप जाळला. मीराचा खोकला दुप्पट झाला.

शी! नवेपणाचा आपल्याला इतका सोस, की घशाशी आलेलं विषही आपण सुवास म्हणून हुंगतो.

आता त्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या आहेत, पंखा गरगर फिरतोय, हार डुलतोय. कपाट मजेत वारा खातंय. आणि ज्या मीरासाठी ते आणलं, ती स्वयंपाकघरात फरशीवर उशी टाकून शिंकतेय.