पेटलेलं निरांजन

राजकारणात मी समाजसेवा वगैरे करायला गेले नव्हते. आईच्या गाडीसाठी गेले होते. परळला हॉस्पिटलच्या गल्लीत, कोपऱ्यावर तिची नाश्त्याची हातगाडी लागते. पोहे, उपमा, चहा. पेशंटचे नातेवाईक तिथेच खातात. बाबा गेल्यावर आमचं घर त्याच गाडीवर चाललं, माझं कॉलेजसुद्धा. लायसन नाही. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला की गल्लीतले सगळे सामान उचलून पळतात, आईला मात्र कोणी हात लावायचं नाही. कारण भाऊंचा शब्द होता. भाऊ म्हणजे आमचे जुने नगरसेवक. निवडणूक लागली, भाऊ पुन्हा उभे राहिले आणि त्यांच्या ऑफिसातून मला फोन आला, "प्रचाराला येतेस ना?" आता याला काय प्रश्न म्हणायचं?

माझ्याकडे औक्षणाचं काम होतं. चाळीत पदयात्रा शिरली की मजल्यामजल्यावर बायका ताट घेऊन उभ्या पाहिजेत. बघणाऱ्याला वाटतं, काय हे प्रेम! कसलं प्रेम घेऊन बसलात! आदल्या दिवशी दारोदार फिरून मी सगळं ठरवून यायचे. कोण ओवाळणार, कोण फुलं टाकणार. चाळीतल्या काकू चिडवायच्या, "काय गं, भाऊंची करवली झालीस की!" मीही हसायचे. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

मग आमच्याच चाळीची पाळी आली. आमची खोली जिन्याला लागून, पहिलीच. भाऊ कुठे थांबत नाहीत, ओवाळलं न ओवाळलं की पुढे. म्हणून मी आईला बजावून ठेवलं होतं, ढोल ऐकू आला की निरांजन पेटवूनच दारात उभी राहा. मी खाली नाक्यावर भाऊंची वाट बघत होते. भाऊ भायखळ्याला ट्रॅफिकमध्ये अडकले. तेवढ्यात चाळीच्या मागच्या गेटकडून ढोल ऐकू आला. समोरच्या पक्षाच्या ताई आल्या होत्या, आमच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या. मी जीव खाऊन जिना चढले. वर बघते तर काय, माझी आई ताईंना कुंकू लावून मस्त ओवाळतेय आणि त्यांच्याबरोबरची पोरं मोबाईल वर धरून शूटिंग करतायत.

ते लोक गेल्यावर मी ओरडले, "आई, अगं त्या आपल्या नव्हेत!"

"तां माका कळता," आई म्हणाली. "बाय दारात हात जोडून उभी. मी काय पेटलेला निरांजन फुकून विझवू? दारात इलेल्या माणसाक तसाच परत धाडू?"

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ वॉर्डभर फिरला. खाली लिहिलेलं, "भाऊंच्या कार्यकर्तीच्या घरीसुद्धा ताईच!" माझी तंतरली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी काही बोललंच नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चहा आला, सगळ्यांना मिळाला, माझ्यापर्यंत आलाच नाही. भाऊ आले, माझ्याकडे बघून छान हसले.

"आई बरी आहे ना? गाडी लावते ना रोज?"

"हो भाऊ."

"लावू दे, लावू दे."

एवढंच. माझी पाचावर धारण बसली. त्यानंतर सकाळी प्रचाराला जायच्या आधी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघायचे, गाडी आहे की उचलली. मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला तरी वळून बघायचे. आई म्हणायची, "भियातंस कित्याक? मी काय चोरी केलंय?" तिचा आवाज ठणठणीत. मला तिचा राग यायचा आणि तिच्याच आवाजाने जरा धीरही यायचा.

निकाल लागला. भाऊ पडले. ताईंच्या ऑफिसाबाहेर गुलाल उधळला जात होता. आमच्याकडे लोक खुर्च्या उचलत होते. मला भाऊंचं दुःख व्हायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच, आता गाडीवर कुणाचाच शब्द उरला नाही.

आणि ट्रक आला. मी तेव्हा आईबरोबरच होते, कप विसळत. दोघांनी उतरून थेट आमच्या सिलिंडरला हात घातला. एवढ्यात मागून त्यांच्यातलाच एक म्हणाला, "ए, थांब. ही व्हिडिओतली मावशी आहे. ताईंचं माणूस. सोड."

त्यांनी सिलिंडर सोडला आणि शेजारच्या नारळपाणीवाल्याची गाडी उचलली. आई नळावर गेली की हाच आमचं दुकान सांभाळायचा. त्याचे नारळ रस्ताभर गडगडत गेले. तो आईकडे बघून म्हणाला, "मौसी, आप बोलो ना कुछ."

आई पुढे झाली. "अरे, त्याची पण सोडा ना रे."

तो माणूस हसला. "मावशी, आपली वाचली ना? मग गप राहायचं."

आई गप्प झाली. मी तिला उभ्या जन्मात कुणापुढे गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ताईंच्या ऑफिसातून फोन आला. "ताईंनी आठवण काढलीय. महिला मेळावा आहे. औक्षणाचं तू बघतेस ना?" मी फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. मला वाटलं, आता ही कडाडणार, मेल्यांनी घेतला काय आमका विकत! ती मोरीत बसून तेच औक्षणाचं ताट चिंचेने घासत होती. तिने मान वर केली नाही.

"जा," म्हणाली. "ताट पण घेवन जा."

मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "हो, बघते."