आतलं माप

माझ्या साडूनं मला फसवलं. आमच्या दोघांच्या बायकांदेखत सौदा ठरला होता: आधी मी छाती तपासून घ्यायची, मग त्यानं. मी शब्द पाळला. त्यानं पाळला नाही.

कुठल्याही वस्तूला आतली बाजू आहे म्हटलं की या माणसाला चैन पडत नाही. सुप्याच्या कारखान्यात यानं जन्मभर नळ्यांची आतली मापं तपासली. निवृत्त झाला तरी खिशात माप घ्यायचा व्हर्नियर असतोच. लग्नात नवरीच्या बांगड्या मोजतो, चहा ओतायच्या आधी कप मोजतो. एकदा मिरजगावात माझ्या पाइपच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोरच त्यानं पाइपच्या तोंडात व्हर्नियर घातला आणि म्हणाला, "अण्णा, बाहेरून झ्याक हाय, पर आतून बारीक हाय." शून्यातून उभं केलेलं दुकान! मी तोच पाइप उगारला. गिऱ्हाईक पळालं; हा बसून राहिला आणि वर चहा मागितला.

जिना चढताना दोघांनाही धाप लागायची, म्हणून तो सौदा. नगरच्या दवाखान्यात मनगटातून हृदयापर्यंत तार घातली तेव्हा मी शुद्धीवर होतो. पडद्यावर बघून डॉक्टर म्हणाले, शीर अडीच मिलिमीटरची दिसते, तेवढी स्टेंटची जाळी बसवू. मग म्हणाले, थांबा, आतून प्रकाश टाकून मोजू. मोजली तर तीन! माझा पार गोंधळ उडाला. शीर तीच, जागा तीच, मग माप वाढलं कसं? हे भाव चढवतायत असं वाटून मी पडल्या पडल्या म्हणालो, "डॉक्टर, पावणेतीनला पक्कं करा." ते हसले आणि तीनचीच जाळी बसवली.

साडूला हे कळल्यावर त्याला आनंद मावेना. "आदी दिसली ती नुसती सावली हुती, अण्णा. अडीचची जाळी सैल बसली असती. भोक आतूनच मोजावं लागतंय." मला ते अजून नीट उमगलेलं नाही. पण आता जिना चढताना मी थांबत नाही, हे खरं.

थांबतो तो. आमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकतो, व्हर्नियर काढून कठड्याचा पाइप मोजल्यासारखं करतो. दुसरा हात मात्र छातीवर. परवा मी ओरडलो, "तुझा नंबर कधी?"

"माजं माप म्या घेतलंय, अण्णा. बराबर हाय."

"कशानं घेतलंस?"

"अंदाजानं."

जन्मभर ज्यानं कुणाचा अंदाज चालू दिला नाही, तो असं म्हणाला आणि माझ्याकडे न बघता उरलेल्या पायऱ्या मोजू लागला.

सोमवारी सकाळी त्याला नगरला न्यायला मी सुप्यात त्याच्या दारात गाडी उभी करणार आहे. त्यानं व्हर्नियर घरात ठेवून बाहेर यावं आणि एवढंच सांगावं: दवाखान्यातल्या त्या टेबलावर मी आधी आडवा झालो, तो कुणाच्या शब्दावर?