बिडाची चूल आणि मावशीचा हात

अकोल्याच्या दुकानात दोन्ही चुली शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि मी कधी हिच्यासमोर, कधी तिच्यासमोर उकिडवा बसत होतो. एक बिडाची, ओतीव, काळी, म्हशीसारखी जड. दुसरी पोलादी पत्र्याची, सांधे जोडलेली, निळसर. दुकानदार म्हणाला, “पत्रा जाड आहे भाऊ, पण शेवटी पत्राच. रोज आग खाईन त वाकन, गंजन. बीड तुमच्या नातवाले पुरते.” माझं अजून लग्नही झालेलं नाही, पण नातवाचं ऐकून धीर आला.

मला टिकणारीच चूल पाहिजे होती. मी सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो, गावाकडे येतो तो दिवाळीलाच. मध्येच चूल मोडली तर अमरावतीत मावशीला दुसरी आणून देणारं कोणी नाही. तिकडे मशीनवर उभा असतानाही मला असल्याच काळज्या लागतात.

आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा पातूरजवळच्या आमच्या गावात जो तो विचारायचा, “काहून सोडली बे?” मावशी आली आणि तिनं विचारलं, “जेवला का?” मग ती मला अमरावतीला तिच्या खोलीवर घेऊन गेली. शाळेचं तिनं आजवर विचारलेलं नाही. तेव्हाही ती क्लासच्या पोरांना चुलीवरची भाकर करून घालायची, आजही घालते. फरक एवढाच, की आता भिंतीवर पैसे स्कॅन करायची पाटी आहे आणि ती धुरानं पिवळी पडली आहे. यंदा तिला खोली बदलावी लागली. नव्या घरमालकिणीच्या अंगणात फरशी. मालकिणीनं बजावलं होतं, “मातीची चूल मांडायची नाही. लोखंडी आणा, नाहीतर गॅसवर करा.” गॅसवरची भाकर पोरांना कोपऱ्यावरही मिळते. गॅसवर गेली की मावशीची पोरं गेली आणि पोरं गेली की तिचं पोट गेलं, हे उघड होतं.

मी बिडाची घेतली. पोत्यात घालून बांधताना दुकानदार म्हणाला, “एक ध्यानात ठेवा. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडू देऊ नका. तडकते.”

मी मान हलवली. एसटीत पोतं चढवताना कंडक्टर म्हणाला, “काय हाय रे यात? याले हाफ तिकीट लागन.” लोक हसले, मीही हसलो. मूर्तिजापूर मागे पडलं आणि मला एकदम मावशीचा हात आठवला.

शेवटची भाकर फुगून उतरली, की मावशी परातीतल्या पाण्यात हात बुडवते आणि पसाभर पाणी जळत्या लाकडावर मारते. चर्र होतं, धूर उठतो, लाकूड विझतं. अर्धं जळालेलं बाभळीचं लाकूड ती भिंतीला टेकवून ठेवते, दुसऱ्या दिवशी ते लवकर पेटतं. माझ्या आठवणीत तिनं एकही लाकूड शेवटपर्यंत जळू दिलेलं नाही.

पोचल्या पोचल्या मी तिला दुकानदाराचं सगळं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, “बरं बाबू, नाई मारत पाणी. एवढा काहून घाबरून राहिला?”

संध्याकाळी पोरं जेवून उठली. शेवटची भाकर उतरली आणि तिचा ओला हात आपोआप वर गेला. मी ओरडलो, “मावशे!” हात हवेतच थांबला. बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“लाकूड बाहेर काढून विझव ना,” मी म्हणालो.

“कुठी? फरशीवर? मंग लाकडासंग मलेबी बाहेर काढन ते बाई.”

मी राखेचा डबा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं लाकूड राखेत खुपसलं, तर ते धुमसत राहिलं आणि सगळा धूर मालकिणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत गेला. त्यावरून तिला ऐकून घ्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. हात पदरात गुंडाळून चुलीसमोर नुसती बसली. लाकूड जळत होतं. वर तवा नव्हता, भाकर नव्हती.

“जयून चाललं रे,” ती म्हणाली. “फुकट जयून चाललं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. मी आणलेली वस्तू आहे, म्हणून ती आपला हात धरून बसली होती. आणि मी सुरतेला गेल्यावर कधीतरी तो हात सुटणारच होता. मग फुटक्या चुलीपुढे ती एकटी असती आणि मला फोनवर म्हणाली असती, “चांगली चालून राहिली चूल.”

सकाळी मी बिडाची चूल पुन्हा पोत्यात घातली आणि अकोल्याची एसटी धरली. दुकानदार म्हणाला, “वापरलेला माल आम्ही घेत नाही.” मी हात जोडले. त्यानं छोटी हातोडी घेऊन चुलीला चारी बाजूंनी ठोकलं. दरवेळी घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. “तडा नाही,” तो कुरकुरत म्हणाला. “घ्या, पत्र्याची न्या. पण मंग टिकत नाही म्हणून भांडाले येऊ नका.”

त्याच संध्याकाळी मावशीनं पत्र्याच्या चुलीवर भाकरी केल्या. शेवटची उतरली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मार.”

तिनं हात बुडवून पाणी मारलं. चर्र झालं. पत्र्यानं टक् करून आवाज केला आणि माझा जीव वरखाली झाला, पण चुलीला काही झालं नाही. मावशीनं विझलेलं लाकूड ओढून भिंतीला टेकवलं आणि कमरेवर हात ठेवून हसली.

“हे किती साल पुरन?”

“पाच-सहा. लवकरबी जाईन,” मी खरं ते सांगितलं.

“मंग चांगलंच हाय. नातवाले पुरणारी आणली असती त तू दुसरी घेऊन कायले आला असता?”

निघायच्या दिवशी तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या. मी चप्पल घातली, पुन्हा काढली आणि थंड चुलीच्या आतून हात फिरवला. पत्रा कुठं वाकला तर नाही ना?

“चाल, गाडी जाईन,” मावशी म्हणाली. “पुढच्या दिवाळीले पाह्यजो.”