कान पिळायची पाळी

शिक्षकांना डिस्लेक्सियाचं प्रशिक्षण द्यायला सातारा-सांगलीत फिरू लागले, तेव्हा नोंदींसाठी एक जाड वही घेतली होती. नोंदी चार पानांत आटोपल्या, बाकीची वही किश्शांनी भरली. मैत्रिणी म्हणतात, तू हे हसत सांगतेस. अगं बायांनो, ऐकताना माझी बोबडी वळलेली असते, हसू फार नंतर येतं.

*

सांगलीत विश्रामबागच्या हॉलमध्ये पहिला दिवस. मी समजावलं की काही मुलं चांगली हुशार असतात, पण अक्षरं ओळखणं आणि जोडून वाचणं त्यांना फार जड जातं. तो आळस नव्हे. पहिल्या रांगेतले पाटील सर उठले. इस्लामपूरकडच्या एका शाळेत चौथीचा वर्ग, नोकरी सव्वीस वर्षं.

"मॅडम, आमच्याकडं असलं कोण न्हाई."

"वाचताना एकही मूल अडखळत नाही?"

"एक हाय, सुप्रिया. पण ती लय आळशी हाय."

मघापासून मी कुणाशी बोलत होते, तेच मला कळेना.

*

चहानंतर विचारलं, अशा मुलांसाठी तुम्ही काय करता?

पाटील सर अभिमानाने म्हणाले, "जो बरोबर वाचतो, त्यानं चुकणाऱ्याचा कान पिळायचा. आमच्या गुरुजींपासनं चालत आलंय."

त्यांच्याकडे दुसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. सुप्रियाची धाकटी बहीण दुसरीत, घडाघडा वाचणारी.

"म्हणजे धाकटी थोरलीचा कान पिळते?"

"व्हय, रोज. तिचा हात पोचत न्हाई, म्हणून थोरली वाकती."

हॉल सुन्न झाला असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगते, मागचे दोघे हसले.

*

दुसऱ्या दिवशी मी अक्षरांची उलटापालट करून छापलेला उतारा दिला. प्रत्येकाने उभं राहून मोठ्याने वाचायचा, माझ्या हातात घड्याळ. एक बाई पाणी प्यायला गेल्या, त्या थेट जेवायलाच परतल्या. एका सरांना घरून फोन आला. फोन वाजला मात्र नाही. पाटील सर म्हणाले, "चष्मा घरी राहिला."

चष्मा नाकावर होता.

मी विचारलं, "सर, वाचायची पाळी आली की सुप्रिया काय करते?"

"पोटात दुखतंय म्हणती," ते म्हणाले, आणि त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

*

पंधरा दिवसांनी सरांचा फोन. सुप्रिया शाळेत यायची बंद झाली होती. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. वडील फौजेत स्वयंपाकी होते, आता घरचा ऊस बघतात.

"जात न्हाई म्हणती, तर ऱ्हाऊ दे घरी," ते म्हणाले.

मी सांगितलं, वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर ती वाचेल. आणि पुष्कळदा हे घरातच कुणाकडून तरी आलेलं असतं.

वडील म्हणाले, "फौजेत घरचं पत्र आलं की एका दोस्ताला जादा मटण वाढायचो. त्यो वाचून दाखवायचा. उत्तर पण त्योच लिवायचा. आजपातुर कुणाला कळलं न्हाई."

सुप्रियाची आई चहा घेऊन दारात उभी होती.

"आवं, म्हंजी ती समदी पत्रं त्यानं लिवली व्हती?"

चहा कुणीच प्यायला नाही. निघताना वडील म्हणाले, "सोमवारी एक डाव पाठवतो. पण बसायचं का न्हाई, ते तीच ठरवंल."

*

सोमवारी मीही वर्गात होते. सुप्रिया दाराशीच थांबली, दप्तर पाठीवर तसंच. पाटील सरांनी खिशातून माझा तो उतारा काढला आणि मुलांसमोर मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या ओळीत तीनदा अडकले. दुसऱ्या ओळीला कपाळावर घाम आला. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

सरांनी कागद खाली ठेवला. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा तो माणूस फरशीवर गुडघे टेकून वाकला.

"सुप्रिया, ये. पीळ."

ती पुढे आली. सरांनी डोळे मिटून घेतले. तिचा हात त्यांच्या कानापर्यंत गेला आणि थांबला. मग तिने पाठीवरचं दप्तर उतरवून खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ वाकून हळूच विचारलं,

"सर, पोटात दुखतंय का?"